कालच्या दिवसाचा प्रश्न

मास्तरांनी कधीही कुणाला उपदेश केला नाही. हे मी पैजेवर सांगतो, कारण तीन वर्षं आम्ही पिंपरीत एका खोलीत राहिलो आणि एकाच स्टोव्हवर चहा केला. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. कारखान्याच्या फाटकावर ते टाइमकीपर होते. तिथं नोटिशींचा एक फळा होता. पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आत त्यावर ते रोज एक प्रश्न लिहायचे, म्हणून मास्तर.

'काल कुणाचं बोलणं मध्येच तोडलं?' 'काल आपली चूक दुसऱ्यावर ढकलली का?' बस, एवढंच. खाली उत्तर नाही, देवाचं नाव नाही. कुणी वाचून हसायचं, कुणी मुकाट्यानं आत जायचं. पिंपळे गुरवचा गेनू तर एकदा खिडकीशी येऊन भांडलाच. "मास्तर, आमच्या घरातलं तुमाला कुणी सांगितलं?"

"गेनबा, ते माझ्याच घरातलं आहे," मास्तर म्हणाले.

आणि खरंच तसं होतं. आदल्या दिवशी आपण स्वतः जिथं चुकलो, तोच प्रश्न लिहायचा, असा त्यांचा नियम. सकाळी अंघोळ झाली की भिंतीकडे तोंड करून बसायचे आणि काल काय चुकलं ते शोधायचे. हे फक्त मला ठाऊक होतं. माझ्यावर खेकसले असले की दुसऱ्या दिवशी सगळ्या पाळीसमोर माझी माफी मागितलेली असायची, आणि कुणाला पत्ता नाही! तोंडानं मात्र एकदाही "चुकलो" म्हणाले नाहीत. मला याचा भारी राग यायचा.

"अहो, फळ्याला काय सांगता? मी हा इथं बसलोय की!"

"तोंडानं नाही रे जमत," म्हणाले, आणि स्टोव्हला पंप मारायला लागले.

मास्तरांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती एक लेक, सुमन, जुन्नरकडे दिलेली. एका दुपारी ती एकटीच आली, हातात पिशवी. "आप्पा, मला तिथं नाही राहायचं," एवढंच म्हणाली. मास्तरांनी तिला पाणी दिलं, जेवू घातलं आणि त्याच संध्याकाळी चाकणच्या गाडीत बसवून परत धाडलं. दोन पुरुषांच्या खोलीत तिला कुठं ठेवू, असं काहीतरी पुटपुटत होते. मी तिथंच उभा होतो. काळेवाडीत माझे ओळखीचे होते, मी खुशाल तिकडे राहिलो असतो. पण माझी दातखीळ बसली. त्याची लाज मला अजून वाटते.

त्यानंतर सुमनचं पत्र नाही. दर रविवारी मास्तर कार्ड घेऊन बसायचे, 'चि. सुमनस' लिहायचे आणि तिथंच थांबायचे. "जा ना राव एकदा, भेटून या," मी म्हणायचो. "जाईन, पुढच्या महिन्यात." फळ्यावर मात्र रोज नवा प्रश्न. नियम कालचाच होता ना! गेल्या वर्षीच्या चुकीला त्यात जागा नव्हती, आणि मास्तरांना ते सोयीचं होतं, हे आज मी स्पष्ट बोलतो.

पुढच्या थंडीत न्युमोनियानं दोन दिवसांत गेले. मी तार केली. सुमन तिसऱ्या दिवशी पोचली. रडली नाही. त्यांचे कपडे ट्रंकेत भरता भरता मी तिला फळ्याचं सांगितलं, नियमही सांगितला.

"माझ्याबद्दल कधी लिहिलं?" तिनं विचारलं.

"नाही."

"मला परत धाडलं, त्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा?"

मला खोटं बोलता आलं असतं. "त्या दिवशी फळा कोराच होता," मी म्हणालो. "खडू संपला, असं सगळ्यांना सांगितलं."

"संपला होता?"

"नाही गं. मुठीत होता. संध्याकाळी खोलीवर आले, तेव्हाही मुठीतच होता."

मग मात्र सुमन ट्रंकेवर बसली आणि आप्पा, आप्पा करत रडली.