आचाऱ्याची बिदागी

१९९१ साल. मी एक्कावन्न वर्षांचा होतो, चंदीगडात एका मेसमध्ये आचारी. शाळा तिसरीपर्यंत, पण अपमान माझ्या ध्यानात पक्का राहतो.

अपमान केला होता माझ्या साडूनं, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्यानं. तो इथंच सरकारी कचेरीत कारकून. तो प्रसंग बराच आधीचा. त्याच्या धाकट्या पोराच्या बारशाला मला म्हणाला, "साडूभाऊ, तुमच्या हाताला चव आहे, तेवढं जेवणाचं बघा." बघितलं. पंगती उठल्यावर आहेर सुरू झाले. त्याच्या भावांना, मेव्हण्यांना टॉवेल-टोपी. मी हात पुसून पुढं झालो, तर त्यानं खिशातून दहाची नोट काढून माझ्या हातावर ठेवली.

"ही आचाऱ्याची बिदागी."

लोक हसले. बायकोनं मान खाली घातली.

नोट तोंडावर फेकता आली असती. नाही फेकली. ती पोस्टात नेऊन दर महिन्याला हप्ता भरायचं खातं काढलं. साडूला कळलं तेव्हा म्हणाला, "मुंगीनं साखर साठवली म्हणून हलवाई होत नाही."

हप्ता मी चुकवला नाही. पगार वाढला की हप्ता वाढवायचा, लग्नाच्या पंगती रांधून आलेले पैसे त्यातच. मुदत भरली की रक्कम न मोडता पुन्हा ठेवायची. बायकोनं बांगड्या मागितल्या, म्हटलं नंतर. पुढं पंजाबात अतिरेक्यांचे वाईट दिवस आले. रोज गोळीबाराच्या बातम्या, मधूनच कर्फ्यू. कर्फ्यू उठला की लोक दुधाला पळायचे, मी पोस्टात. बायको म्हणायची, "तुमचं दूध तिथंच तापतं वाटतं." तिचं खरं होतं. हप्ता भरताना दर वेळी मला ती नोट दिसायची.

साडू चंदीगडाला लागूनच मोहालीत दोन खोल्यांच्या घरात भाड्यानं राहायचा. त्या एक्क्याण्णव साली एकदा आमच्याकडं चहाला आला आणि स्वतःच बोलून बसला, "आमचा मालक घाबरलाय. घर विकून पोराकडं दिल्लीला निघालाय. मलाच घ्यायचंय, पण थांबलोय. भाव अजून उतरेल. या दिवसांत घेतंय कोण?"

मी त्याच्या कपात आणखी साखर घातली. त्याच आठवड्यात जाऊन मालकाला गाठलं. जन्माची साठवण तिथं रिकामी केली आणि घर माझ्या नावावर झालं.

बायको म्हणाली, "आक्काला बाहेर काढाल?"

"राहू दे. भाडं तेवढं त्यानं स्वतः आणून द्यायचं."

पहिल्या तारखेला आला. पुढच्या दारात उभा राहिला. मी आतूनच सांगितलं, "मागून या. आचारी मागं असतो."

मागून आला. पैसे दिले, घाम पुसला. "साडूभाऊ, आपण घरचे. काहीतरी कमी करा की, यार."

मी आधीच आणून ठेवलेली टॉवेल-टोपी त्याच्या हातावर ठेवली. "हा नात्याचा मान. भाडं वेगळं."

त्यानं टोपी घातली नाही, टाकलीही नाही. बायको आत गेली ती रात्रभर माझ्याशी बोलली नाही. मला झोप छान लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्ट उघडायच्या आधीच मी दारात उभा होतो. त्याच्या भाड्यातून नवं खातं काढलं, बायकोच्या नावानं, तिच्या बांगड्यांसाठी.