सुधीर वाचला आणि मी आडवा झालो

माझा धाकटा भाऊ सुधीर नौदलात लढाऊ विमान उडवतो, आणि मला स्टुलावर चढून पंखा पुसतानाही घाम फुटतो. (आईवडील एकच. चौकशी करून झाली आहे!)

माझं सरकारी ऑफिस रायपुरातून नव्या रायपूरला हलणार, हीच काय ती आमच्या घरातली तेव्हाची मोठी चिंता. अशात एका रविवारी सकाळी ब्राह्मणपाऱ्यातल्या आमच्या घराच्या ओट्यावर पेपर वाचत असताना सुधीरचा फोन आला.

"दादा, पहिले बस."

"बसलोच आहो. काहून?"

"परवा मरता मरता वाचलो."

जहाजावर उतरायची जागा ती केवढीशी! विमानाच्या शेपटीखालचा आकडा डेकवरच्या आडव्या तारेत अडकला, की विमान थांबतं. सुधीरचा आकडा अडकला, वेग कमी झाला आणि नेमकी तेव्हाच तार तुटली! थांबायला जागा नाही, उडायला वेग नाही.

"मग रे?"

"इंजिन पूर्ण जोरात होतंच, उतरताना तसंच ठेवतो आम्ही. पण डेक संपला, दादा. विमान काठावरून खाली गेलं. समोर नुसतं पाणी. सीटसकट बाहेर पडायचा खटका ओढणारच होतो, तेवढ्यात नाक वर आलं. चाकं पाण्याले लागता लागता राहिली."

"मग?"

"मग काय, फिरून आलो अन् उतरलो."

फिरून आलो! जसा काही पान खायला गेला होता!

"अन् हे आईले सांगू नको."

मी शपथ घेतली आणि आत गेलो. आई भाजी निवडत होती.

"कोणाचा फोन?"

"गॅसवाल्याचा."

"गॅसवाल्याशी बोलून रडून राहिला?"

"सिलिंडर उशिरा येते म्हणे."

मी फक्त बायकोला सांगितलं. (बायकोला सांगणं म्हणजे सांगणं नव्हेच!) मंदा किंचाळली. आई धावत आली. मी ओरडलो, "पाल! पाल!" ते ऐकून शेजारचे साहू भैया झाडू घेऊन आत घुसले आणि नसलेली पाल शोधू लागले. मला मात्र भिंतीवर तेच विमान काठावरून खाली जाताना दिसलं. डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी भाजीच्या परातीतच बसलो.

साहू भैयांनी मला स्कूटरवर घातलं. पडू नये म्हणून मागून आईनं धरलं. दवाखान्यात छातीला वायरी लावून डॉक्टरांनी विचारलं, "कोई सदमा लगा है क्या?"

मी आईकडे पाहत पुटपुटलो, "गॅस..."

"अच्छा, एसिडिटी!"

"एसिडिटी नाही, डॉक्टर," आई म्हणाली. "याचा भाऊ समुद्रात पडता पडता वाचला. धक्का याले बसला."

मी वायरींसकट उठून बसलो. "तुले कसं माहीत?"

"काल दुपारीच सांगितलं त्यानं. म्हणे, दादाले उद्या सांगतो, तू त्याच्यावर नजर ठेवजो." मग हळूच म्हणाली, "मी काल तू बाजारात गेल्यावर रडून घेतलं. तुले दिसू नाही म्हणून."

मी तिचा हात धरला.

पुढच्या महिन्यात सुधीर सुट्टीवर आला, तरी मी खाटेवरच होतो. भेटायला अख्खा ब्राह्मणपारा लोटला. सुधीर सगळ्यांना चहा देत फिरत होता आणि लोक माझ्या खाटेभोवती बसले होते. साहू भैया माझा खांदा दाबून म्हणाले, "भैया, बाल-बाल बचे आप!"

आणि लाज सोडून सांगतो, मी मान डोलावून म्हणालो, "हव!"