इथे पान पाहून सांगतात

मंजुश्री माझी मावसबहीण. सोनाळ्याच्या बाजारगल्लीत तिचं फॉल-पिकोचं दुकान आहे, पडद्यामागे एका खुर्चीचं पार्लर. मी तिचा धाकटा भाऊ संघर्ष. शाळेनं मला दहावीत सोडलं; पुढचं सगळं मोर्चांत आणि पोलीस ठाण्याच्या बाकावर शिकलो. या भागात कुणाच्या अंगात आलं आणि मी येतोय असं कळलं, तर अंगातलं आधी पळतं. आणि माझ्याच बहिणीनं भविष्य सांगायला बसावं!

खामगावला दोरे आणायला गेली होती. तिथे जुन्या पुस्तकांच्या ढिगात तिला टॅरो शिकवणारं एक हिंदी पुस्तक सापडलं. पुढच्या खेपेला दुसरं आणलं, ते इंग्रजी. ओळीवर मोबाइल धरायचा, तो मराठी करून द्यायचा, आणि ती मशीनच्या टेबलावर कोपर टेकून मान हलवत बसायची. पत्ते काही कुठे मिळेनात. मग तिनं गठ्ठाभर लग्नपत्रिका कापल्या आणि कोऱ्या बाजूला स्केचपेननं चित्रं काढली, अठ्ठ्याहत्तरच्या अठ्ठ्याहत्तर. एका बाजूला टॅरो, दुसऱ्या बाजूला ‘मंगल परिणय’. पुस्तकात ‘कप’ होते, तर हिनं कपबशा काढल्या.

“ताई, पुस्तकात पेले हायत ना.”

“सोनाळ्यात पेल्यानं कोन पेते? इथं सुखदुःख चहावरच निघते.”

शून्य नंबरच्या पानाचं नाव मूर्ख. एक माणूस, खांद्याला झोळी, तोंड आभाळाकडे, पाय कड्यावर, मागे कुत्रं. ताईनं काढलेल्या माणसाला दाढी होती, गळ्यात निळा गमछा होता आणि झोळीची जागा शबनमनं घेतली होती.

“हा मी हाये,” मी म्हटलं.

“पुस्तकात पाहून काढला. त्या पुस्तकवाल्याले इचार, तुले कसा काय वयखते.”

मी फार भांडलो. “भिंतीवर बुद्ध अन् खाली हे धंदे?” असं भर दुकानात ओरडलो. ती म्हणाली, “त्याचे डोये मिटेल हायत. तू काऊन बोंबलून राह्यला?”

बाया यायच्या. ताई आधी चहा ठेवायची, मग पत्ते पिसून समोरच्या बाईला एक उचलायला लावायची आणि पुस्तक उघडून वाचून दाखवायची. समजलं नाही तर सरळ सांगायची, “हे मलेबी नाही समजलं.” एक नियम मात्र कडक होता: जे येईल तेच सांगायचं, आपल्या मनाचं काही घालायचं नाही. ती त्याला ‘पुस्तकाचा कायदा’ म्हणायची. राग असा यायचा की काय सांगू. पण कायदा पाळणारी माणसं मी चळवळीतही कमीच पाहिली आहेत.

मग तिनं पाटी लावली. ‘पत्ते’ लिहिलं असतं तर गावानं जुगाराचा अड्डा म्हटलं असतं, म्हणून लिहिलं, ‘इथे पान पाहून सांगतात’.

घोटाळा तिथेच झाला. आमच्याकडे साप चावला असं म्हणत नाहीत, नाव घेतलं की तो ऐकतो म्हणे. पान लागलं, असं म्हणतात. आणि ते पान उतरवणारा आमचा जुना बुवा नुकताच वारला होता.

दुपारची वेळ. मी दुकानात बसून पाटी काढ म्हणून वाद घालत होतो, तेवढ्यात भाजीच्या क्रेटांनी भरलेला मालवाहू ऑटो दारात थांबला. पुढे ऑटो चालवणारा गोपाल, मागे क्रेटांना टेकवून बसवलेली त्याची आई सत्यभामाबाई. वांगी तोडायला गेली होती. पायाला रुमाल करकचून बांधलेला, घोटा सुजलेला, पापण्या जड.

“ताई, आईले पान लागलं!” गोपाल रडवेला झाला होता. “तुमी पान पाह्यता ना? लवकर पाहा!”

ताई हातातली कैची धरून तशीच उभी राहिली.

मी सुरू झालो. “अबे अडाण्या, दवाखान्यात ने! विषाचं इंजेक्शन राह्यते तिथं. पत्त्यानं जहर उतरते का बे?”

“तू कोन बे मले शिकवणारा?” त्यानं माझी कॉलर धरली. “माह्या काकाले नेलं होतं दवाखान्यात. वापस आला नाही तो!”

“दिवसभर बुवाकडे बसवून मंग नेलं असन!”

हे खरंच होतं, पण ते बोलायची ती वेळ नव्हती. त्यानं मूठ उगारली, मीही बाह्या सरसावल्या. तिकडे सत्यभामाबाईची मान एका बाजूला कलली.

“गोपाल!” ताईचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. “आईले हलू देऊ नको. पान पाह्यतो मी.”

मला वाटलं, गेली बहीण हातातून. तिनं गठ्ठा घेतला. पिसला नाही, कुणाला उचलायला लावला नाही, सरळ वरचं पान काढून गोपालच्या डोळ्यांपुढे धरलं. शबनम, दाढी, निळा गमछा.

“पाह्य. कोन हाये हा?”

गोपालनं पानाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्याची पकड सुटली.

“हा… हाच हाये.”

“पान म्हनते, हा मानूस सोबत जाईन. रस्त्यात थांबाचं नाही, कोनाकडे उतरवाचं नाही, सरळ तालुक्याच्या दवाखान्यात. पानाचं ऐकतं का नाही?”

“ऐकतो ताई!” म्हणत तो स्टेअरिंगवर बसलासुद्धा. ताईनं मला ढकललं. “चढ बे. अन् तोंड बंद ठेवजो.”

मी क्रेटांमध्ये बसून सत्यभामाबाईचा पाय सगळा रस्ता स्थिर धरून ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा तोंड बंद ठेवलं. इंजेक्शनं वेळेत लागली. आठवडा गेला आणि ती बाई स्वतःच्या पायानं दुकानात आली, ओटीत वांगी घेऊन. “पान बरोबर निघालं व माय तुयं,” म्हणाली.

ती गेल्यावर मी विचारलं, “ताई, पुस्तकाचा कायदा?”

“मोडला.” तिनं मशीनमध्ये दोरा ओवला. “गठ्ठा नंबरानं लावून ठेवतो मी. हा शून्य नंबर हाये, वरच राह्यते. अन् मूर्ख काही खोटा नोहता.”

मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, “पाटीचं काय करतं?”

पाटी मीच रंगवली. चळवळीच्या भिंती रंगवलेला हात आहे, अक्षर झकास. ‘इथे टॅरो पाहून सांगतात. पान लागलं असल्यास आधी दवाखाना.’ खाली ताईनं माझ्याकडून आणखी एक ओळ लिहून घेतली, ‘सोबतीला माणूस मिळेल’, आणि पुढे माझा मोबाइल नंबर.