वाट्यावर टाकून घेतलेला मासा

हे इथे लिहावं की नाही, यात दोन महिने गेले. कारण या ग्रुपवर भुताखेतांचा किस्सा आला की खाली "काय राव, जेवण जड झालं का?" असं लिहिणारा मीच. आज माझी पाळी आहे. हसायचं तर हसा.

आम्ही डोंबिवली वेस्टचे, मोठागावातले जुने आगरी. आता बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतो. माझे वडील, आबा, आयुष्यभर खाडीत मासे मारायचे. मागच्या वर्षी त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. आठ महिने तोंडातून एक शब्द नाही. नुसती हाडं उरलेली... रोज सकाळी मी एकटाच त्यांना दोन हातांवर उचलून बाथरूमला न्यायचो.

त्या रविवारी सकाळी बाजारात गेलेलो. नेहमीच्या मावशीकडून मिक्स मासळीचा वाटा घेतला. वाटा घेतला की वर काहीतरी फुकट टाकून घ्यायचं, ही आमची जुनी खोड. तिने दोन मांदेली टाकली. मी म्हटलं, "एवढ्यावर कटवतेस होय? ती बाजूला ठेवलीयस ना, ती टाक!" टोपलीमागे बर्फावर तळहाताएवढा एक मासा पडलेला. भाकरीसारखा चपटा, करडा, अंगभर खडे-खडे. आणि पोटाखाली दोन पाय... पर म्हणा हवं तर, पण बेडकासारखे दुमडलेले.

"दादा, ती घेव नको," मावशी म्हणाली. "खोल दर्याच्या जाल्यात आलीय. नाव मना पन नाय ठाव."

"अगं, आमचे आबा ओळखतील की!" असं म्हणत मीच तो उचलून पिशवीत टाकला. हावरटपणा, दुसरं काय.

घरी येऊन मासा घमेल्यात ठेवला आणि आबांच्या कॉटजवळ नेला. म्हटलं, बघा आबा, कुठली मासळी? नुसती गंमत, त्यांचा जरा वेळ जावा म्हणून. आबा बराच वेळ बघत राहिले. मग स्पष्ट, अगदी पूर्वीसारखे म्हणाले, "जाम खोल हाय रं..."

आठ महिन्यांनी आवाज! माझी बायको सुजाता किचनमधून धावत आली आणि रडायलाच लागली. मीही रडलो, खोटं कशाला बोलू. बहिणीला फोन लावायला बाहेरच्या खोलीत गेलो, तेवढ्यात आत धप्प आवाज आला.

आबा फरशीवर पालथे पडलेले. उचलायला गेलो, तर हलेनात! त्यांच्या काखेत हात घालता येईना, इतके ते जमिनीला चिकटलेले. शेजारचा नितीन आला, वॉचमन आला. तिघांनी जोर लावला. नितीन रोज जिमला जाणारा माणूस, त्याच्या कपाळावरची शीर फुगली... पण आबांचा खांदा बोटभरसुद्धा वर आला नाही. गाल फरशीवर दाबला गेलेला, आणि तशातच ते बोलत होते. "वरती पानी जाम हाय. पोरा, तू वर जा."

ॲम्ब्युलन्सवाले म्हणाले, अर्धा तास लागेल. इकडे आबांचा श्वास आखूड होत चाललेला. सुजाता घमेल्याकडे बोट दाखवून ओरडली, "तो आधी घराबाहेर काढा!" एरवी मी तिला वेड्यात काढलं असतं. पण तेव्हा हातात करण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं हो! मासा पिशवीत कोंबला, बाईक काढली, रेतीबंदरला गेलो आणि खाडीत फेकून दिला. तसाच मागे फिरलो.

परत आलो तर आबा कॉटवर. नितीन भिंतीला टेकून उभा, माझ्याकडे बघेना.

सुजाताने सांगितलं. दहा मिनिटांपूर्वी आबा अचानक हलके झाले. इतके, की तिने एकटीने उचलून कॉटवर ठेवलं. त्यांनी डोळे उघडून विचारलं, "पोरगा वर आला का?" ती म्हणाली, "आले आबा, आले." मग त्यांनी एक लांब श्वास सोडला. पुढचा घेतला नाही.

डॉक्टर म्हणाले, हार्ट बंद पडलं, आणि अंग आखडलं की माणूस जड लागतो. असेल. पण तिघांना? नंतर मोबाइलवर शोधलं. असे मासे असतात. खोल समुद्राच्या तळाशी राहतात, परांवर चालतात. एवढंच कळलं. पुढचं कुणाला ठाऊक असेल तर सांगा, मी हात जोडतो.

सुजाता म्हणते, तुम्ही फेकलात म्हणून आबा सुटले. मला वाटतं, फेकला म्हणूनच गेले. नसता फेकला तर जमिनीला खिळून का होईना, बोलत राहिले असते का? माहीत नाही. आठ महिने ज्या आवाजाची वाट बघितली, त्याचं शेवटचं वाक्य मला बायकोच्या तोंडून ऐकावं लागलं.