अनारशांचं प्रतिज्ञापत्र

धाकटा भाऊ आखातात नोकरीला गेला त्या पहिल्या दिवाळीत आईने त्याच्यासाठी फराळ केला आणि तो विमानानेच गेला पाहिजे, असा हट्ट धरला. डबा घेऊन मी परभणीहून एसटीने औरंगाबादला विमानतळावरच्या माल-कचेरीत पोचलो. विमानांत बॉम्ब ठेवण्याचे दिवस होते. चिवड्यालाही चारित्र्याचा दाखला लागे. प्रतिज्ञापत्रात लिहून दिले: माल मी स्वतः बांधला, आत काय आहे ते मला पूर्ण ठाऊक आहे, चूक निघाल्यास जबाबदार मी. शिक्के मारून झाल्यावर कारकून म्हणाला, "आता एक दिवस-रात्र डबा जाळीच्या खोलीत ऱ्हाईल. टायमर आसला तर हितंच फुटंल."

ती खोली त्याच्या खुर्चीपासून चार हातांवर होती. देशाच्या सुरक्षेची ही मांडणी पाहून मी परतीच्या गाडीत एकटाच हसत होतो.

घरी शेजारच्या खाला बसल्या होत्या. त्यांचा मुलगा तिकडेच गवंडीकाम करायचा. आईने बशीत दिलेला अनारसा त्यांनी उलटा करून पाहिला.

"ये खसखसवालेच भेजे क्या, बेटा?"

"हो. का?"

"या अल्ला! उधर खसखस को अफू गिनते. मेरे बच्चे ने लिखा था, एक आदमी अब्बीतक अंदर है."

"खसखशीबिगर अनारसा व्हतो का?" आई म्हणाली. "देवाला चालती, अन् त्येन्ला चालत न्हाई व्हय?" मग तिच्या ध्यानात आले आणि तिने बशी मागे घेतली. आई भांडायची थांबली की घरात काहीतरी खरेच वाईट घडलेले असे. डब्यावर भावाचे नाव होते, आणि आत काय आहे ते मला पूर्ण ठाऊक असल्याची सही माझी होती.

पहाटेची पहिली गाडी धरली. बोरीला चालक चहाला उतरला आणि निवांत बिडी पेटवून बसला. मला त्याच्या पाया पडावेसे वाटत होते. कालची ती हास्यास्पद जाळीची खोली आता माझे एकमेव दैवत होती.

डबा तिथेच होता. "तो परत द्या, आत्ता," मी धापा टाकत म्हणालो.

कारकून खुर्ची मागे सारून उठला. "का? काय हाय त्यात?"

"अनारसे."

"अनारशासाठी कुनी परभनीहून पळत येतंय व्हय?" त्याने दाराबाहेर जाऊन तिथूनच खोलीची किल्ली माझ्याकडे सरकवली. "तुमीच काढा. तुमीच उघडा. आमी भिंतीपल्याड हाव."

हमालही त्याच्या मागे गेले. जाळीत मी आणि डबा. दोरीची गाठ सुटेना. शेवटी दातांनी सोडवली. आईने गाठ मारताना मी समोर बसलो होतो, तरी झाकण उचलताना मी डोळे मिटून घेतले.

तुपाचा वास आला. खसखस चिवड्यात, लाडवांत, कागदाच्या घड्यांत, सगळीकडे पसरली होती. वेचून संपणारी नव्हती.

"काय निघालं?" भिंतीमागून आवाज आला.

मी एक अनारसा पुढे केला. कारकुनाने आधी मला खायला लावला.

डबा जसाच्या तसा परत आणला. आई ओट्यावरच बसली होती. तिने तो मांडीवर घेतला, पण उघडला नाही.

"पोरगं उपाशीच ऱ्हाईलं," ती म्हणाली, "पर बाहेर हाय."