उलटे वेढे

माशी बनवणं म्हणजे नाकी नऊ आणणारं काम. खरी माशी नव्हे, ट्राउट माशाला फसवायची खोटी. तांदळाच्या दाण्याएवढा गळ चिमट्यात धरायचा आणि त्यावर दोऱ्याने पिसं बांधायची. दोरा ओढला की तुटतो, सैल सोडला की पंख कुशीवर वळतात. सगळं जमलं म्हणावं, तर गळाचं नेढंच बुजलेलं असतं. माझी मावशी जन्मभर हेच करत आली, तोंडाने गळाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत.

काका नदीत वाहून गेले ते सापडलेच नाहीत. तेव्हापासून मावशी नदीकाठची खोली सोडायला तयार नव्हती. ते परत येतील म्हणायची. मागच्या महिन्यात एकदाची बोलली, "गेले ते. ने मला." मी लगेच आले, तिची बॅग भरली. माझा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात तिचं जुनं गिऱ्हाईक, चष्मेवाले मास्तर, दारात. तळहातावर ओली माशी.

"आजच्या माशाच्या तोंडात होती. बाई, अशाच करून द्या."

मावशीने भिंग लावलं आणि तिचा चेहरा उतरला. "वेढे उलटे आहेत." काका डावरे होते. माशी बांधताना त्यांचा दोरा नेहमी उलट्या बाजूने फिरायचा.

"दुनियेत काय एकच डावरा होता?" मी खेकसले. मला भीती वाटत होती, म्हणून जास्तच खेकसले.

"अंगावर काय गुंडाळलंय, ते बघ."

मी पाहिलं. पिवळ्या दोऱ्यावर एक पांढरा केस. मावशीने आपल्या अंबाड्यातला एक उपटून शेजारी ठेवला. हुबेहूब तसाच.

"हे गेले तेव्हा माझा एकही केस पिकला नव्हता गं."

मास्तरांनी काढता पाय घेतला. माझी पाचावर धारण बसली.

"मावशी, ऊठ. आत्ताच्या आत्ता निघायचं."

तिचं लक्षच नव्हतं. "माशीच्या मानेपाशी उघडंच राहिलंय बघ. केस पुरला नाही." आणि ती हसली. इतकी वर्षं मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

तिने अंबाडा सोडला, चाचपून लांबातला लांब केस उपटला आणि विंचरताना तुटलेले केस ती रोज जिथून नदीत टाकायची ती खिडकी उघडून चौकटीवर ठेवला. मी तिचा हात धरून ओढत होते, रडत होते. ती जागची हलली नाही.

"तू जा बाळा," ती म्हणाली. "आखूड केसांवर किती दिवस भागवतील ते?"