तुस्कानो सहा, लोपीस पाच

शुक्रवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी जयवंती चुरी यांनी सोळावी उभी तार ओढली, मशीनचा काटा पंचावन्न पाउंडांवर थांबलेला पाहिला आणि चिमटा घट्ट केला. विरारच्या बोळिंजमधल्या एका सोसायटीच्या तळमजल्यावर, इस्त्रीवाला आणि झेरॉक्सवाला यांच्यामधल्या आठ बाय दहाच्या गाळ्यात त्या रॅकेटचं गटिंग, म्हणजे तारा बसवण्याचं काम, करतात. टेनिसच्या रॅकेटला उभ्या तारा सोळा, आडव्या एकोणीस. "किती वेळ लागेल?" असं कुणी विचारलं तर त्या अर्धा तास म्हणत नाहीत. छत्तीस मिनिटं म्हणतात, आणि छत्तीस मिनिटंच लागतात.

त्या बावन्न वर्षांच्या आहेत. वीस वर्षांपूर्वी सासरे सदानंद चुरी यांचा हात थरथरायला लागला तेव्हा जयवंतींनी हे काम उचललं. मशीन सासऱ्यांचं, वह्याही सासऱ्यांच्या. सदानंदांची एक पद्धत होती. खेळाडू रॅकेट एकमेकांना देतात, भाऊ भावाची घेऊन येतो, म्हणून नावावर त्यांचा विश्वास नव्हता. दुकानात पहिल्यांदा आलेल्या प्रत्येक रॅकेटच्या मुठीखालच्या टोपणावर ते तापलेल्या सुईने नंबर टोचत. वहीत आधी तो नंबर, मग तारीख, मग उभ्या-आडव्या तारांचा ताण, आणि सगळ्यात शेवटी नाव. जयवंतींनी पद्धत बदलली नाही. सध्या नंबर चार हजारांच्या पुढे गेला आहे.

दुकानात बाकडं एकच, तरी संध्याकाळी तिथे चौघे बसलेले असतात. वाद ठरलेला. टेनिसमध्ये मोठं कोण, पुरुष की बायका? एक जण जोकोविचच्या चोवीस ग्रँड स्लॅम मांडतो, दुसरा म्हणतो मार्गारेट कोर्टच्याही चोवीसच. एक जण मातीवर नदालचे सलग एक्याऐंशी विजय सांगतो. जयवंती मान वर न करता "ख्रिस एव्हर्ट, एकशेपंचवीस" म्हणतात. नव्रातिलोवाच्या एकेरीच्या ट्रॉफ्या एकशे सदुसष्ट, कॉनर्सच्या एकशे नऊ, हेही त्यांना पाठ आहे.

"ताई, पण सर्व्हिस बघा ना पुरुषांची. समोर उभी तरी राहील का एखादी?"

"समोर कशाला उभी राहील? तिची मॅच त्याच्याशी नव्हतीच. तिच्या वेळच्या बायकांत तिने किती जणींना उभं राहू दिलं, ते मोज. त्याचंही तसंच मोज."

या उत्तराने आजवर कुणाचं समाधान झालेलं नाही. जयवंतींना त्याची फिकीर नाही.

त्या शुक्रवारी सकाळी सव्वासातला हर्षवर्धन घोरपडे आले. ते क्लबचे चिटणीस. क्लब म्हणजे लाल मातीची दोन कोर्टं, पत्र्याचं ऑफिस आणि दरवर्षी एप्रिलअखेर होणारी एक स्पर्धा. हर्षवर्धन मूळचे साताऱ्याचे, मुंबईत विमा कंपनीत नोकरीला, विरारला येऊन नऊ वर्षं झालेली. काम चोख करतात. त्यांनी एक जुनी रॅकेट काउंटरवर ठेवली.

"ही खेळायची नाहीये, जयवंतीताई. काचेच्या पेटीत लावायचीय, कोर्टाशेजारी. दीपेशसरांची. पण ताण मूळचा हवा."

"मूळचा म्हणजे कुठल्या सालचा? खांदा दुखायच्या आधीचा की नंतरचा?"

"ते तुम्हीच ठरवा. रविवारी अकराला सभा आहे. एक नंबर कोर्टाला दीपेश सामंतांचं नाव द्यायचं, फक्त मंजुरी बाकी आहे."

नोव्हेंबरच्या सर्वसाधारण सभेत क्लबने यावर दोन तास भांडण केलं होतं. शेवटी वाद नको म्हणून ठराव लिहिला: पुरुष असो वा महिला, क्लबच्या स्पर्धेत एकेरीची सर्वाधिक विजेतेपदं ज्याची, त्याचं नाव. हर्षवर्धन यांनी जुन्या रजिस्टरांवरून यादी केली. ती त्यांनी जयवंतींसमोर ठेवली. दीपेश सामंत, नऊ. एलिसा तुस्कानो, सहा. एलिसा लोपीस, पाच. त्याखाली चार आणि तीनवाले.

जयवंतींनी यादी वाचली आणि परत दिली. त्यांना काही खटकलं नाही. वसईत एलिसा नावाच्या बायका गल्लोगल्ली सापडतील.

दुपारी त्या दीपेश सामंत यांचा ताण शोधायला जुन्या वह्या घेऊन बसल्या. एकोणीसशे एकोणनव्वद सालच्या वहीत रॅकेट नंबर दोनशे बारा दिसली. उभ्या छप्पन्न, आडव्या एक्कावन्न. त्या थबकल्या त्या आकड्यांवर. उभ्या-आडव्यांत लोक दोन पाउंडांचा फरक ठेवतात, फार तर तीन. पाच कुणी ठेवत नाही. नाव होतं एलिसा तुस्कानो. चौऱ्याण्णवपर्यंत दर एप्रिलला तीच रॅकेट, तेच आकडे. मग दोन वर्षं काही नाही. सत्त्याण्णवच्या एप्रिलमध्ये पुन्हा दोनशे बारा, उभ्या छप्पन्न, आडव्या एक्कावन्न. नाव, सौ. एलिसा लोपीस, पाचूबंदर.

त्यांनी हर्षवर्धनना फोन लावला.

"तुमच्या यादीतल्या दोन बायका एकच आहेत."

हर्षवर्धन म्हणाले, "रॅकेट विकली असेल हो. नणंदेला दिली असेल. नाव एक असलं म्हणून माणूस एक होत नाही, ताई. सभेत मला विचारतील, पुरावा काय."

"रॅकेट देता येते. हात देता येत नाही."

"हे सभेत चालणार नाही."

"नाही चालणार. म्हणून उद्या विचारून येते."

शनिवारी एकला दुकान बंद करून जयवंतींनी स्कूटर काढली आणि वसईचं पाचूबंदर गाठलं. लोपीसांचं घर सापडायला वेळ लागला नाही. काठ्यांवर बोंबील वाळत होते आणि त्यांच्यामधून एक उंच, रुंद खांद्यांची बाई उलटे झालेले मासे सरळ करत चालली होती. डाव्या हाताने.

"एलिसाताई?"

"कोन?"

"बोळिंजच्या सदानंद चुरींची सून. गटिंगवाले."

बाईने हात पुसले. "चुरींची सून? मंग बस. म्हातारा हाय का?"

"चार वर्षं झाली जाऊन."

"चांगला मानूस. पन मना एकदा आडव्या तारा ढिल्या करून दिल्यान. चुकून. मी रागावून परत न्यायला निघालेली, तर आदी खेळून बघितलं. बॉल कसा हातात बसला. मंग म्हातारा दुरुस्त करतो म्हनला, मी म्हनलं हात लावशील तर बघ."

"उभ्या छप्पन्न, आडव्या एक्कावन्न."

एलिसा लोपीस यांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "लिवून ठेवलंय?"

जयवंतींनी सगळं सांगितलं. यादी, सहा, पाच, रविवारची सभा. एलिसा यांना आश्चर्य वाटलं नाही. त्या आत गेल्या आणि एक कप घेऊन आल्या. कपात तांदळाचे दोन-चार दाणे चिकटलेले होते, रोज त्याच मापाने भाताचे तांदूळ मोजतात. बाजूला कोरलं होतं: उत्कृष्ट नवोदित खेळाडू, १९९७, सौ. एलिसा लोपीस.

"सहा वेळा जिंकलेली मी," त्या म्हणाल्या. "चौऱ्याण्णवला गिरीजवरून लगीन होऊन इकडं आली. पोर झाला. सत्त्याण्णवला परत फॉर्म भरला, नव्या नावाने. चिटणीस नवा होता. फायनल जिंकली ती जिंकली, वर नवोदितचा कप पन दिलान. खेळनारे सगळे हसले. मीच जास्त हसली."

"तेव्हा सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर कप परत घेतला असता. चांदीचा मुलामा हाय."

जयवंती हसल्या नाहीत. "उद्या काय सांगू? तुम्हाला नाव हवंय की नकोय? नको असेल तर मी इथेच थांबते."

"पायजेल," एलिसा म्हणाल्या. एक बोंबील सरळ केला. "अकरा वेळा जिंकली, मंग का नको? पन कोनतं लावनार? तुस्कानो लावलं तर पाच गेले, लोपीस लावलं तर सहा गेले. दोनी लावा. एक पन कमी नाय."

निघताना त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. क्लब बायकांच्या आठच प्रवेशिका घ्यायचा. बायकांना एकच कोर्ट, तेही सकाळी आठपर्यंत, म्हणून. जास्त जणी आल्या तर आधीच मॅच खेळवून छाटणी व्हायची, शाळेच्या मैदानावर. त्याची नोंद क्लबच्या रजिस्टरात नव्हती.

त्या संध्याकाळी बाकड्यावर बसायला आलेल्यांना जयवंतींनी परत पाठवलं. वह्या पुन्हा उघडल्या, एक कागद लिहिला, लग्नाच्या दाखल्याची आणि कपावरच्या अक्षरांची एलिसांनी फोनवरून पाठवलेली छायाचित्रं त्याला जोडली आणि तो हर्षवर्धनना नेऊन दिला. त्यांनी तो उभ्याउभ्या वाचला, पुन्हा वाचला.

"यादी मी केली होती," ते म्हणाले.

"रजिस्टरात जे होतं तेच तुम्ही लिहिलंत. पण आता कळलंय."

रविवारी पत्र्याच्या ऑफिसात बारा सभासद जमले. दीपेश सामंतही होते. अठ्ठावन्न वर्षांचे, बँकेतले अधिकारी, फुलपाड्याहून अजून आठवड्यात तीनदा डबल्स खेळायला येणारे. हर्षवर्धन यांनी कागद सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचला. त्यातल्या एका ओळीवर खुर्च्या सरकल्या. मार्गारेट स्मिथने तेरा ग्रँड स्लॅम जिंकल्या, सदुसष्टमध्ये लग्न झालं, मार्गारेट कोर्टने पुढे अकरा जिंकल्या. जगाने त्यांची बेरीज केली म्हणून ती चोवीस आहे. आपल्या क्लबने रजिस्टर लिहिलं असतं तर ती दोन बायका असती, आणि दोघीही पहिल्या पाचांत नसत्या.

एक निवृत्त इंजिनियर उठले. "दोघी एक आहेत, मान्य. पण अकरा आणि नऊ सारखे मोजायचे का? पुरुषांचा ड्रॉ बत्तीसचा. पाच मॅच जिंकल्या की कप. बायकांचा आठचा, तीन मॅच. दीपेशच्या पंचेचाळीस होतात, बाईंच्या तेहतीस. फायनल आपली पाच सेटची, त्यांची तीनची. हा हिशोब कोण करणार?"

मुद्दा खोटा नव्हता. दोघा-तिघांनी माना हलवल्या. हर्षवर्धन यांनी जयवंतींकडे पाहिलं. त्या सभासद नाहीत, स्पर्धेचं गटिंग त्यांच्याकडे असतं म्हणून दाराशी खुर्ची दिली होती.

"बोला, ताई."

"ड्रॉ आठचा होता कारण क्लबने आठच घेतल्या," जयवंती म्हणाल्या. त्यांनी वही आणली होती. "ब्याण्णवच्या एप्रिलचा शेवटचा आठवडा. क्लबच्या स्पर्धेसाठी म्हणून बायकांच्या सतरा रॅकेट आमच्याकडे आल्या. नंबर इथे आहेत. सतरा जणींनी गटिंग केलं, आठ जणी ड्रॉमध्ये दिसतात. नऊ जणी शाळेच्या मैदानावर हरल्या. त्या मॅचचे आकडे तुमच्याकडे नाहीत, तर ते शून्य धरायचे का?"

"पण सेट तीनच ना?" इंजिनियर म्हणाले.

"तीनच. पाच खेळा म्हटल्यावर त्यांनी नाकारलं होतं, असं कुठे लिहिलंय का? आणि ठरावात सेट नाहीत, मॅच नाहीत. विजेतेपदं आहेत. मोजून झाल्यावर माप बदलायचं असेल तर ते मतदानाला टाका. मग वर्षभराने कुणीतरी तिसरं माप आणेल."

कुणीतरी म्हणालं, "दीपेश, तू बोल की."

दीपेश सामंत उठून उभे राहिले. "मला नाव हवं होतं," ते म्हणाले. "नाही म्हटलं तर खोटं होईल. आणि पाच सेट खेळून पाय कसे होतात ते मला माहीत आहे, तेही कमी नाही. पण सत्त्याण्णवला नवोदितचा कप तिला दिला तेव्हा मी पुढच्या रांगेत बसून हसलोय. ती कोण आहे हे मला माहीत होतं. यादी मागवून बघायला हवी होती, ती मी बघितली नाही."

"का नाही बघितली?" हर्षवर्धन यांनी विचारलं.

"वर माझं नाव आहे, एवढं ऐकलं होतं."

त्यांनी मत दिलं नाही. बाकी अकरा मतं पडली. ठरावातलं माप तसंच ठेवून एक नंबर कोर्टाला 'एलिसा तुस्कानो लोपीस' नाव द्यावं, या बाजूने सात, विरोधात चार. इंजिनियर विरोधात होते आणि त्यांनी तसं इतिवृत्तात लिहून घेतलं. बायकांच्या आठ प्रवेशिकांचा नियम पुस्तकात अजून जिवंत होता, हे त्याच सभेत कुणाच्या तरी लक्षात आलं. तो एकमताने काढला. काचेच्या पेटीचा निर्णय झाला नाही. दीपेश सामंत यांची रॅकेट चोपन्न पाउंडांवर तयार होऊन दुकानात आहे, ते म्हणाले मी घेऊन जातो, अजून चालेल.

हर्षवर्धन यांनी तिथूनच पाचूबंदरला फोन लावला. निकाल सांगितला, सात-चार हेही सांगितलं.

"चार कोन?" पलीकडून प्रश्न आला.

"ते गुप्त आहे, मॅडम."

"मंग त्यांना सांगा, कोर्ट नुसतं नावाला नको. सिंगल्सला कोन येतो? मी पंचावन्नची हाय, पाच सेट नाय, तीन खेळेन."

हर्षवर्धन यांनी फोनवर हात ठेवून खोलीत विचारलं. दीपेश सामंत यांनी बोट वर केलं.

जयवंतींनी वही पिशवीत घातली आणि निघाल्या. फाटकाजवळ फळ्यावर दुसऱ्या दिवसाचं आरक्षण खडूने लिहिलेलं असतं. हर्षवर्धन यांनी जुनी ओळ पुसून नवी लिहिली होती. सोमवार, कोर्ट नंबर एक, सकाळी साडेसहा ते साडेसात: एलिसा तुस्कानो लोपीस, दीपेश सामंत.